चार माऊस रुमालात बांधणारा मास्तर

त्या मास्तरला मी कधी सर म्हटलं न्हाई. सगळं कॉलेज म्हणायचं, चहावाला म्हणायचा, त्याच्यापेक्षा वयानं दुप्पट असलेला शिपाई म्हणायचा. मी मास्तरच म्हणायचो, अन् ते बी तो समोर असला तर. माघारी काय म्हणायचो ते कागदावर लिहिण्यासारखं न्हाई.

माझं शिक्षण विचारू नका. चौथीत गुरुजीनं छडी उगारली, मी ती हिसकून गुडघ्यावर मोडली अन् दप्तर घेऊन घरी आलो. तिथं शाळा संपली. धारूरच्या बाजारात आमचं तेलाचं दुकान होतं, आज्यापासूनचं. बाप म्हणायचा, कपाळाला भस्म लाव अन् गल्ल्यावर बस. भस्म लावलं, गल्ल्यावर बसलो न्हाई. मी लाउडस्पीकर घेतला. लग्न, जत्रा, निवडणूक, कशाला बी माझाच कर्णा. किल्ल्याच्या अंगाला कर्णा बांधला की डोंगरापल्याडच्या वाडीत लोक जेवता जेवता हात थांबवून ऐकायचे. हे मी सांगत न्हाई, त्या वाडीची माणसं अजून सांगतात.

अशा माणसाला, आवाज म्हणजे काय, हे शिकवायला पाप्याचं पितर असलेला, तिशीतला, आठवडाभर एकच निळा शर्ट वापरणारा मास्तर यावा, ही आमच्या गावाची कमाल.

त्या सालांत ज्यानं त्यानं तोंड उघडलं की कम्प्युटर. एसटीडीच्या बूथवर कम्प्युटर लिहिलेलं, पत्रिका बघणारा बाहेर पाटी लावून बसलेला, 'कम्प्युटरवर कुंडली'. मग कॉलेज कशाला मागं राहील? त्यांनी चार कम्प्युटर आणले. हार घातले, नारळ फोडला, अन् नारळाचं पाणी एका कम्प्युटरच्या कळांवर सांडलं तर प्राचार्य म्हणाले, शुभ असतं. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एक नवा पेपर लावला, डिजिटल मल्टिमीडियाची तोंडओळख. नाव एवढं लांब की फळ्यावर लिहिताना मास्तरला दोन ओळी लागायच्या. सगळं आणलं अन् मग त्यांच्या ध्यानात आलं की दिवसा लाईट नसते. तवा मला बोलावलं. माझा जनरेटर खोलीच्या मागं ठेवला. बाहेर धूर व्हायचा, अन् मशीन मधीच खाली-वर झालं तर लक्ष पाहिजे, म्हणून मी आत दाराशी शेवटच्या बाकावर बसायचो. असा मी चौथी सोडलेला माणूस दोन वर्षं कॉलेजात बसलो. एक दिवस खाडा न्हाई. पोरं मला मामा म्हणायची.

आता त्या मास्तरची तऱ्हा ऐका.

पहिल्याच आठवड्यात त्यानं चारी कम्प्युटरचे माऊस उपसले. त्यांच्या वायरी गुंडाळल्या, एका मोठ्या रुमालात भाकरी बांधतात तसे चारी बांधले, अन् रोज तास संपला की खांद्याच्या पिशवीत टाकून खोलीवर घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी पिशवी परत आणायचा, पण माऊस लावायचा न्हाई. पिशवी खिळ्याला. त्यानं बघितलं होतं की हातात माऊस आला की पोरं पत्त्यांचा खेळ लावतात. तवापासून त्यानं ठरवलं, माऊस न्हाईच. जे करायचं ते कळांनी.

मी म्हटलं, "मास्तर, बैल चोरीला जाईल म्हणून शेपूट कापून घरी नेता का?"

तर तो गंभीरपणे म्हणतो, "ऑपरेटर, माऊस म्हणजे बोट दाखवणं. बोट दाखवून मागता येतं, करता येत नाही. आधी करायला शिकू देत."

मला तो ऑपरेटर म्हणायचा. माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत झालं असेल असं मला वाटत न्हाई.

दुसरं खूळ फ्लॉपीचं. जेवणाच्या डब्याला दोन पुडं होती. वरच्यात भाकरी-भाजी, खालच्यात फ्लॉप्या. फ्लॉपी म्हणजे हाताच्या तळव्याएवढी चपटी काळी डबी, तीत कम्प्युटरचा माल साठवतात, तो बी लई थोडा. पण या गड्याला जगातली प्रत्येक गोष्ट त्या डबीत मावते का न्हाई एवढंच पडलेलं. एकदा तो आमच्या घरी चहाला आला. भिंतीवर माझ्या वडलांचा हार घातलेला मोठा फोटो. तो चहा सोडून उठला, फोटोला नाक लावून बघितलं अन् म्हणाला, "मावतील."

बायको सैपाकघरातून म्हणाली, "कोण मावतील?"

"हे बाबा. काळे-पांढरे आहेत, आरामात मावतील. रंगीत असते तर कापावे लागले असते."

बायकोनं त्या दिवसापासून त्याला कपात चहा दिला न्हाई. पितळी पेल्यात द्यायची, अन् तो गेल्यावर फोटोसमोर उदबत्ती लावायची.

शिकवणं कसं म्हणाल? सांगतो. चित्र कम्प्युटरात बारीक बारीक ठिपक्यांचं असतं, एवढी एक गोष्ट. एका वाक्यात झाली. मास्तरला ती सांगायला अर्धा दिवस अन् माझा कर्णा लागला. त्यानं मैदानात चुन्यानं चौकटी आखल्या. पोरांना गोळा केलं, दुसऱ्या वर्गांची बी आणली, अन् एकेका चौकटीत एकेक पोर उकिडवं बसवलं. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा, एका अंगानं काळा, एका अंगानं पांढरा. आपण गच्चीवर उभा राहिला अन् माझ्या मायकातून ओरडायला लागला, "तिसरी ओळ, पाचवा, काळा कर! अरे तू नाही, तुझ्या डावीकडचा!" तासभर ऊन खाल्ल्यावर वरून बघितलं तर म्हणे 'अ' दिसतो. मी बी वर गेलतो. दिसत होता, खोटं कशाला बोलू. मग त्यानं अर्धी पोरं उठवली अन् म्हणाला, बघा, आता 'अ' फाटला, ठिपके कमी झाले की असं होतं. इतक्यात बाजूच्या शेळ्या आत शिरल्या अन् पुठ्ठे चावायला लागल्या. प्राचार्य व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "हे सर आपण पीटीला घेतले होते का?"

सगळे हसले. मास्तर बी हसला, पण कशाला हसतात ते त्याला कळलं नसावं.

माझं अन् त्याचं खरं वाजलं ते आवाजावरून.

वर्गात मंदा नावाची एक पोरगी होती. डोंगरातल्या वस्तीवरची. घरचे सगळे ऊसतोडीवर जाणारे. ती आजीपाशी राहून शिकत होती, अन् तिच्या घराण्यात कॉलेजचं दार बघितलेलं हे पहिलंच पोर. बापानं निक्षून सांगितलं होतं, एक विषय जरी राहिला तर पुढचं साल न्हाई, लग्न उरकून टाकू. वर्गात ती एकटी मला विचारायची, "मामा, जनरेटर घाबरलाय का आज?" मशीनचा आवाज बदललेला तिला कळायचा. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तिला हुशार म्हणतो, बाकीचं मास्तर जाणे.

परीक्षेला प्रत्येकानं एक काम करून दाखवायचं होतं. लिहिलेलं, चित्र, आवाज, सगळं एकाच जागी. मंदानं ऊसतोड घेतली. चित्र तिनं कळांनी ठिपका ठिपका करत बसून काढलं, बैलगाडी अन् वर उसाचा ढीग. आवाज मी दिला. माझा चांगला मायक घेऊन मी तिच्याबरोबर उसाच्या फडावर गेलो, उसावर कोयता चालल्याचा आवाज, मोळी गाडीत पडल्याचा आवाज अन् बैलांच्या घुंगरमाळेचा आवाज टेपवर धरला. वीस मिनिटं. असा आवाज की डोळे मिटले तर अंगाला पाचट कापेल.

मास्तरनं कानाला लावून ऐकला अन् म्हणाला, "नऊ सेकंद."

"नऊ सेकंद काय?"

"चित्रानं जागा खाल्ली. राहिलेल्या फ्लॉपीत नऊ सेकंद मावतील. बाकीचा काढावा लागेल."

मी म्हटलं, "नऊ सेकंदात बैल मान सुद्धा हलवत न्हाई, मास्तर."

तर त्यानं समोरच्या रसवंतीतून एक ऊस आणला, माझ्याच चाकूनं त्याच्या बारीक चकत्या केल्या अन् टेबलावर ओळीनं मांडल्या. म्हणतो, आवाज असा कापायचा. एका सेकंदाचे अकरा हजार तुकडे. मग तुकडे परत ओळीनं लावले की कानाला अख्खा ऊस वाटतो. चांगल्या सीडीत चव्वेचाळीस हजार असतात, आपल्याला परवडत नाहीत.

"आवाज काय ऊस हाय का कांड्या करायला?" मी म्हटलं. "तीस वर्षं मी आवाज करतोय. आवाज अखंड असतो. कापला की तो आवाज न्हाई, खरखर."

"खरखर आहेच," तो म्हणाला, "पण फ्लॉपीत मावते."

मंदा हसायला लागली. मी तिथून उठलो अन् जनरेटरला डिझेल घालायला गेलो. चकत्या पोरांनी खाल्ल्या.

दिवाळीनंतर वर्गातली पाच-सहा पोरं दर साली घरच्यांबरोबर तोडीला जायची अन् परीक्षेपुरती परत यायची. मंदा कधी गेली न्हवती. त्या साली परीक्षेच्या तोंडावर तिच्या भावाच्या बायकोला नववा महिना लागला. भावाबरोबर कोण? मंदा गेली. तिच्या टोळीला मुकादमानं त्या साली लांब न्हेलं न्हाई, तेलगावच्या फडात उतरवलं. तरी बी परीक्षेच्या आदल्या दिवशी बाकीची पोरं आली, मंदा आली न्हाई.

मास्तर परीक्षेदिवशी सकाळी सहाला माझ्या दारात. खांद्याला पिशवी, पायात दोन तऱ्हेच्या चपला.

"ऑपरेटर, टेम्पो काढा."

"आधी लग्नाचा कर्णा बांधायचाय, मग तुमच्या परीक्षेचा जनरेटर."

"मंदाचं वर्ष जाईल."

बायको मागून म्हणाली, "जावा की." फोटोवाली गोष्ट विसरली होती बहुतेक. मी गेलो. मास्तरसाठी न्हाई. घुंगरमाळेचा आवाज माझा होता, तो दाखवणारं माणूस नको का?

तेलगावच्या फडावर पोचलो तवा टोळी कामाला लागून दीड-दोन तास झालेले. मंदा ओळखू येईना. लुगड्यावर भावाचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. आमाला बघून तिनं मोळी खाली ठेवली न्हाई. भाऊ तोडत होता, ती बांधत होती.

"सर, मला येता येत न्हाई," ती म्हणाली. "ट्रॅक्टर येणार हाय. आज गाडी भरली न्हाई तर टोळीचा कारखान्यातला नंबर जातो."

भाऊ कोयता धरून उभा राहिला. तो म्हणाला, "सर, माझी ना न्हाई ओ. जाऊ दे म्हटलं असतं. पण एकट्यानं कसं करू?"

मुकादम आला. धोतर, डोळ्याला काळा चष्मा. मला ओळखत होता, त्याच्या पोराच्या लग्नात माझाच कर्णा होता. "कुणी आणलं बे हे?" मला म्हणाला. मग मास्तरला, "साहेब, कोयता म्हंजे एक माणूस नसतो. कोयता म्हंजे जोडी. एक तोडतो, एक बांधतो. एक उठला की कोयता मोडला. एक कोयता मोडला की सगळ्या टोळीचं काम मागं पडतं. समजलं का?"

मास्तरनं असा चेहरा केला जसं काय त्याला पहिल्यांदा कुणी नीट काहीतरी शिकवलं.

"म्हणजे जागा रिकामी राहायला नको, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग मी उभा राहतो तिच्या जागी. संध्याकाळपर्यंत."

मुकादम माझ्याकडं बघून हसला. मी हसलो न्हाई. मला या गड्याची सवय होती, तो चेष्टा करत नसतो हे मला माहीत होतं. मी त्याला बाजूला घेतलं.

"मास्तर, अक्कल गहाण ठेवली का? परीक्षेला तुमी पाहिजे."

"मी कशाला? परीक्षा तिची आहे."

"तुमच्या सह्या लागत असतील, विद्यापीठाचा माणूस येणार हाय..."

"तो तिला विचारेल, मला नाही. तुम्ही तिला वेळेत पोचवा."

अन् पिशवी बाभळीला अडकवून त्यानं बाह्या वर केल्या. मंदाच्या भावानं त्याच्या बाह्या परत खाली ओढल्या. "पाचट कापतंय सर, बाह्या खालीच ठेवा," म्हणाला. मोळी बांधायची ती उसाच्याच वाढ्यानं, म्हंजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं, पीळ देऊन. मंदानं त्याला एकदा बांधून दाखवली. त्यानं बांधली, उचलली, सुटली, पायावर पडली. आख्खी टोळी काम थांबवून बघत होती. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्याला कुणी तरी खायला द्या आधी."

मंदाला घेऊन मी निघालो तवा तो दुसरी मोळी बांधत होता.

टेम्पोत मंदानं वाटभर हाताच्या चिंध्या सोडल्या. कॉलेजच्या नळावर तोंड-हात धुतले, शर्ट काढून टेम्पोत टाकला अन् आत गेली. मी जनरेटर चालू केला.

विद्यापीठाकडून आलेले परीक्षक सफारी घातलेले, वास येणारं अत्तर लावलेले. पहिल्यांदा विचारलं, "तुमचे सर कुठे आहेत?"

प्राचार्य म्हणाले, "तब्येत बरी नाही."

मग परीक्षक कम्प्युटरसमोर बसले, टेबलावर हात फिरवला, कम्प्युटरच्या मागं बघितलं, खाली वाकून बघितलं.

"माऊस कुठे आहे?"

प्राचार्यांनी शिपायाकडं बघितलं. शिपायानं माझ्याकडं. तवा माझ्या ध्यानात आलं. चारी माऊस रुमालात बांधून तेलगावच्या फडावर बाभळीला टांगलेले.

"एक पण माऊस नाही?" परीक्षक उठून उभे राहिले. "मल्टिमीडियाचं प्रात्यक्षिक आणि माऊस नाही! मी असं लिहून परत जातो. परीक्षा होऊ शकत नाही."

प्राचार्यांना घाम. शिपाई कपाटं उघडायला लागला, जसं काय तिथं माऊसची पिल्लं निघणार. मी मनातल्या मनात मास्तरच्या सात पिढ्या काढल्या.

मंदा म्हणाली, "सर, आमी कळांनीच करतो."

"काय करता?"

"सगळं."

"चित्र सुद्धा?"

"हां. आमाला माऊस माहीतच न्हाई."

परीक्षक बसले. मंदानं कपाटातली आपली फ्लॉपी घातली अन् आकड्यांच्या कळांवर बोटं चालवायला लागली. पडद्यावरचा बाण असा सरकायचा जसा वाटेवरचा शहाणा बैल. चित्र उघडलं. लिहिलेलं उघडलं. चित्रातल्या गाडीवर बाण नेऊन तिनं कळ दाबली अन् माझा आवाज आला. घुंगरमाळ. खरं सांगतो, पत्र्याचा डबा हलवल्यासारखी वाजत होती. पण घुंगरमाळच होती, हे परीक्षकांना सुद्धा कळलं, कारण त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

"नऊच सेकंद का?"

मंदानं अकरा हजार तुकड्यांचं गणित सांगितलं. एका तुकड्याला किती जागा, नऊ सेकंदांना किती, चित्राला किती, लिहिलेल्याला किती, अन् फ्लॉपीत किती उरली. उरलेली जागा सांगताना ती अशी बोलत होती जशी बाई कणगीत किती ज्वारी राहिली ते सांगते. परीक्षकांनी स्वतः कळांनी बाण हलवून बघितला, तो कोपऱ्यात जाऊन बसला अन् निघेना. मंदानं एक कळ दाबून काढून दिला. बावीस पोरांची परीक्षा तशीच झाली. मला ते बघून काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगतो, योगायोग. येड्याच्या हातून बी विहीर खणली जाते, पाणी लागणं त्याच्या हातात नसतं.

चार वाजता परीक्षकांनी गुणांचे तीन कागद पुढं सरकवले. खाली दोन जागा. एकीवर त्यांनी सही केली.

"दुसरी सही तुमच्या सरांची. सकाळी दहाच्या गाडीनं मी निघतो. तोपर्यंत सही झाली तर ठीक, नाहीतर हे गुण जाणार नाहीत. कुणाचेच."

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ना ते कुठं आहेत?" म्हणजे सकाळपासून त्यांना सगळं ठाऊक होतं. धारूरात गोष्ट टेम्पोपेक्षा जोरात पळते.

मंदाला परत सोडायचंच होतं. कागद पुठ्ठ्याच्या फायलीत घालून निघालो. वाटभर तिची एकच गोष्ट, "मामा, सही होईल ना? सर गेले नसतील ना कुठं?" मी म्हटलं, "तो कुठं जातोय. त्याला चपला बी एका जातीच्या न्हाईत."

फडावर ट्रॅक्टर उभा, ट्रॉली पाऊण भरलेली. मास्तर एका मोळीवर बसलेला. निळा शर्ट काळा झालेला, गालावर पाचटानं ओरखडे. हात पुढं धरलेले, तळव्यावरचे फोड फुटलेले अन् बोटं सुजून केळ्याएवढी झालेली. मुकादम म्हणाला, "साहेबाला बस म्हणलं तरी बसंना. त्यानं बांधलेल्या मोळ्या आमाला परत बांधाव्या लागल्या. पण जागा सोडली न्हाई गड्यानं."

"झालं?" मास्तरनं मंदाला विचारलं.

"झालं सर."

"नऊ सेकंद का, विचारलं?"

"विचारलं."

तो हसला. मंदानं शर्ट चढवला, डोक्याला फडकं बांधलं अन् सरळ भावाच्या मागं जाऊन मोळी बांधायला लागली. राहिलेली ट्रॉली भरायची होती.

मी फाइल मोळीवर ठेवली, कागद काढले, पेन दिलं. मास्तरच्या बोटांत पेन राहीना. एकदा पडलं, दोनदा पडलं. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांनी धरलं तर कागदावर गांडूळ उमटायची वेळ.

मुकादम म्हणाला, "अंगठा घ्या की साहेबाचा. आमच्याकडं सगळ्यांचा तसाच चालतो."

मास्तरनं अंगठा वर धरून बघितला अन् मला विचारतो, "चालेल का हो ऑपरेटर?" लाज न्हाई, काही न्हाई. त्यानं खरंच दिला असता.

माझं डोकं सटकलं. मी चौथी सोडलेला माणूस. पण जन्मात कुठं अंगठा लावला न्हाई. माझी सही मी माझी मला शिकलो, घरातल्या फरशीवर कोळशानं, बायको रोज पुसायची अन् मी रोज काढायचो. बँकेतल्या साहेबानं ती बघून विचारलं होतं, कितवी शिकलात? अन् हा एवढ्या पदव्या घेतलेला माणूस विद्यापीठाच्या कागदावर अंगठा लावायला निघाला, अन् तो कागद परत आला की मंदाचं साल बुडालं.

"अंगठा कुठला लावता, मास्तर!" मी ओरडलो. टेम्पोतून वायरीला लावायची काळी चिकटपट्टी आणली. पेन त्याच्या दोन बोटांच्या मधी ठेवलं अन् जोड बांधतो तसं घट्ट गुंडाळलं. मनगट मी धरलं. "हलवा आता. खांद्यातून हलवा."

एक सही करायला त्याला पाच मिनिटं लागली. मधी थांबायचा, फू फू करायचा. अन् येडा एवढा की सही आखडती करायची सोडून बापाच्या नावाच्या अक्षरासकट पूर्ण काढली, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके. तिन्ही कागदांवर तशीच. ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत होता. मंदा एकेक मोळी उचलून वर देत होती, पण दर मोळीला मान वळवून कागदाकडं बघायची. तिसऱ्या कागदावर ठिपके पडले तवा मी हात वर केला अन् तिनं पुढची मोळी उचलली.

पट्टी काढताना त्याची थोडी कातडी निघाली. बोंबलला. मला बरं वाटलं.

परीक्षक सकाळच्या गाडीनं कागद घेऊन गेले. मंदा पास झाली, चांगल्या मार्कांनी, बाप तिचं लग्न ठरवायचं विसरला. मास्तरचं मात्र प्राचार्यांनी मनावर घेतलं. तो कायमचा न्हवताच, तासांवर नेमलेला. परीक्षेदिवशी न सांगता गैरहजर, असं कागदावर लिहिलं अन् साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

"तुमची सही फार सुरेख आहे म्हणे," प्राचार्य म्हणाले. "इथं करा."

मी कागद वाचला. हळू वाचतो, पण वाचतो.

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

"खोटं? ते त्या दिवशी कॉलेजात होते?"

"गैरहजर न्हवते. तेलगावच्या फडावर हजर होते. तुमची विद्यार्थिनी इथं परीक्षा देत होती तवर तिच्या जागी उभे होते. मुकादमाला विचारा."

"फडावरची हजेरी कॉलेजात धरत नाहीत. सही करणार का नाही?"

"न्हाई."

"मग उद्यापासून आम्ही दुसरा जनरेटर बघू."

आता कुणी असं समजू नका की मी त्या मास्तरसाठी न्हाई म्हटलं. मला कुणी सही कर म्हटलं की करायची न्हाई, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव हाय. अन् उद्याची वाट कशाला बघू? आत पोरं कामाला बसलेली, तरी मी सरळ कम्प्युटरच्या खोलीच्या मागं गेलो अन् चालू मशीन बंद केलं. चारी कम्प्युटर एकदम काळे पडले.

मला वाटलं, आता आतून गलका उठेल, पोरांचं केलेलं सगळं गेलं असणार. मी वायरी गुंडाळत ऐकत उभा राहिलो. एक पोर ओरडलं न्हाई. दर दोन ओळींनी काम साठवून ठेवायची सवय त्या येड्यानं सगळ्यांना लावली होती.